सावड कुणाकुणाची : पक्षाघातानंतरच्या एका घराचं प्रकरण

मी लातुरात फिजिओथेरपी करते. सकाळी दवाखाना, दुपारनंतर पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम. हे प्रकरण औसा तालुक्यातल्या एका गावातलं. नावं देत नाही. मी त्यांना मावशी आणि काका म्हणते, इथंही तेच म्हणते. दोघांना विचारून लिहिलंय. बोलता न येणाऱ्या मावशींना विचारलं कसं, ते पुढे येईल.

व्यायामाबद्दल सांगायचं असतं तर लिहायला बसले नसते. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली, असे पेशंट मी नेहमी बघते आणि त्यांच्या फायली एकीसारखी दुसरी असतात. या घरात मात्र एक प्रश्न निघाला, जो मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. बाई अर्धी बरी झाली, तर देवीचा नवस फिटला म्हणायचा का नाही?

घर

त्या वेळी मावशी 57 वर्षांच्या, काका 62. चार एकर कोरडवाहू, दोन म्हशी. मुलगा चाकणला कंपनीत, मुलगी निलंग्याकडं दिलेली. काकांची धाकटी बहीण गावातच दिलेली आहे, तिला सगळे आत्या म्हणतात. या प्रकरणात तिचं काम मोठं आहे.

किल्लारी इथून जवळ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. माळवदाची घरं, हात-हातभर रुंद दगडी भिंती, त्या झोपेतच अंगावर आल्या. काकांची आई गेली, थोरला भाऊ गेला. मावशींना दिवस उजाडल्यावर दगडातून ओढून काढलं. त्यांनी तेव्हापासून नवरात्राचे नऊ दिवस धरले ते कधी सोडले नाहीत. काकांनी तेव्हापासून देवाला हात जोडले नाहीत. एकाच पहाटेचे हे दोन निकाल तीस वर्षं एका चुलीवर जेवले. भांडण नव्हतं. मावशी देव्हाऱ्यात दिवा लावायच्या आणि काका देव्हाऱ्याकडं पाठ करून चहा प्यायचे.

पहिल्या भेटीतच ते मला म्हणाले, "मॅडम, देवाचं मला काही सांगू नका. भूकंपात बघितलंय की मी त्याला."

सातवी माळ

2023 चं शारदीय नवरात्र. मावशींना चार वर्षांपासून बीपीची गोळी चालू होती. चिठ्ठीवर लिहिलेलं, जेवणानंतर एक. उपवासात जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. बाईनं डॉक्टरांचं तंतोतंत ऐकलं. त्या गोळीचा जेवणाशी फारसा संबंध नव्हता, पण ते सांगायला कुणाला सुचलं नाही. आम्ही दवाखान्यातली माणसं "जेवणानंतर" असं सवयीनं लिहितो आणि समोरची बाई वर्षातले किती दिवस जेवतच नाही, ते विचारत नाही. शिवाय सकाळ-संध्याकाळ मिश्री. तंबाखू ती तंबाखूच, दाताला लावली म्हणून रक्तवाहिन्या तिला माफ करत नाहीत. गोळी बंद झाल्यानंच झटका आला असं शपथेवर सांगता येणार नाही. पण बीपी 210 वर गेलं होतं, हे कागदावर आहे.

21 ऑक्टोबर, सकाळी सहा. घटाला पाणी घालताना मावशींच्या हातून तांब्या सुटला. आवाजानं काका आत आले, तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबलेला. वेळ इतकी पक्की माहीत असणं हे खरं तर नशीब. रात्री झोपेत झटका येतो तेव्हा तो कधी आला हेच कळत नाही, आणि मग डॉक्टरांना इंजेक्शनचा निर्णय घेणं अवघड होतं.

ती पक्की वेळ गावात खर्च झाली. "वारं गेलं अंगावरून," असं कुणीतरी म्हणालं. एका जाणत्यानं पारव्याचं रक्त अंगाला चोळलं, त्यात तासभर गेला. मग रस्त्यावरच्या एका दवाखान्यात सलाईन लावून "बघू" म्हणत दोन तास ठेवून घेतलं. 108 ची गाडी बोलावली तेव्हा दहा वाजायला आले होते. लातुरात पोचेपर्यंत 11:40. सीटीत रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते साडेदहालाच संपले होते. मेंदूतली मोठी नळी तुंबली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात असा हिशोब सांगतात. तो हिशोब मी मावशी घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात काकांना ऐकवला. "साडेदहाच्या आत आला असता तर," असंही मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत, उठून म्हशीकडं गेले. पुढच्या पेशंटचा वेळ वाचावा म्हणून आपण गावात हे सांगतो, ते बरोबरच आहे. ज्याची वेळ गेलीय त्याला सांगून मी काय मिळवलं?

चौदा दिवस

रुग्णालयातलं फार लिहीत नाही. अकरा दिवस नाकातून नळी. गिळण्याचे स्नायू लुळे पडले की पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. आत्या तुळजापूरचं तीर्थ घेऊन आल्या आणि कुणाचं लक्ष नसताना चमचाभर तोंडात घातलं. मावशी निळ्या पडेपर्यंत खोकल्या. नर्सबाई आत्यांवर ओरडल्या, आत्या रडायला लागल्या. मग त्याच नर्सबाईंनी तोड काढली. तीर्थात बोट बुडवून कपाळाला लावायचं, अंगारा लावायचा, तोंडात काही नाही. "देवीला कपाळ चालतंय की," म्हणाल्या. त्या वॉर्डात इतकी चांगली सूचना मी तरी दुसरी ऐकली नाही.

त्याच रात्री आत्यांनी नवस बोलला. वहिनीला तुझ्या दारी चालवत आणीन, ओटी भरीन, तिच्या हातून पाच घरं जोगवा मागीन. काका बाहेर बाकावर झोपले होते. त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि गावात? सोयाबीन कापून गंजी घातलेली, रास व्हायची होती. त्या साली ऑगस्ट कोरडा गेलेला, शेंग कमी, तरी जे होतं ते घरात यायला हवं होतं. काका वॉर्डात असताना सात माणसांनी दीड दिवसात रास करून पोती ओसरीवर लावली. कुणी पैसे घेतले नाहीत. ही सावड. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या रानात. बाहेरच्या वाचकाला सावड म्हणजे मदत वाटेल. सावड मोजलेली असते. दीड दिवस म्हणजे दीड दिवस.

वही

घरी आल्यावर मी काकांना बीपी आणि व्यायाम लिहून ठेवायला सांगितलं. त्यांनी डेअरीच्या हिशोबाची वही काढली. चार दिवसांनी बघते तर बीपी एका कोपऱ्यात आणि बाकी पानं वेगळ्याच हिशोबानं भरलेली. डाव्या पानावर "आलं", उजव्या पानावर "गेलं".

रास, सात माणसं, दीड दिवस. दळण, शेजारून, रोज. म्हशीची धार, चुलतभावाची सून, चौदा दिवस दोन वेळा. 108 चा ड्रायव्हर, स्वतः उचललं, चहासुद्धा घेतला नाही. दवाखान्यातली आयाबाई, कूस बदलायला शिकवलं. माझंही नाव होतं. "मॅडम, पैसे दिले. तरी."

उजवं पान रिकामं. "गेलं" काही नाही. बायकोला सोडून कुणाच्या रानात जाणार? त्यांना झोप यायची नाही ती या उजव्या पानामुळं, असं आत्या म्हणायच्या.

कृतज्ञतेबद्दल जे सल्ले हल्ली मोबाइलवर फिरतात, की रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा आणि मन शांत होईल, त्याच्याशी या वहीचा काही संबंध नव्हता. काकांचं मन ती लिहून शांत होत नव्हतं, उलट दर पानाला देणं वाढत होतं. पण ज्या दिवशी ती वही नसती त्या दिवशी ते खचले असते, असं मला पक्कं वाटतं. बायकोला न्हाऊ घालणं, लुगडं बदलणं, भांडं देणं, हे सगळं या माणसानं जन्मात केलं नव्हतं. पारावर हसायचेही काहीजण. ते म्हणाले, "हसू द्या. हसणाऱ्यांनी पण एक पोतं उचललंय."

अवो

वाचेचं थोडं सविस्तर सांगते.

मेंदूच्या डाव्या बाजूला पुढं बोलणं घडवणारा भाग असतो. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं 1861 मध्ये तो दाखवून दिला. तिथं इजा झाली की माणसाला बरंचसं समजतं पण शब्द बाहेर येत नाही. मावशींचं तेच झालं. एकच शब्द राहिला, "अवो". जन्मभर नवऱ्याला नावानं हाक मारली नाही, अवोच म्हटलं, तोच तेवढा उरला. पाणी पाहिजे, अवो. लघवीला जायचंय, अवो. खांदा दुखतोय, अवो. म्हैस ओरडतीय बघा, अवो. पंधरा दिवसांत काकांना नुसत्या सुरावरून कळायला लागलं.

तिसऱ्या आठवड्यात आत्यांनी दिवा लावून आरती म्हटली. कडव्यांना मावशी गप्प होत्या. धृपद आलं आणि खाटेवरून "जय देव जय देव" असं स्वच्छ, सुरात ऐकू आलं. घरातली माणसं रडायला लागली. आत्या म्हणाल्या, देवीनं वाचा दिली. लगेच कुणीतरी विचारलं, वहिनी, पाणी पायजे का? मावशींनी तोंड उघडलं आणि आलं ते "अवो".

मी तेव्हा तिथं होते. म्हणाले, हा चमत्कार नाही, गाणं आणि पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, उजवी बाजू त्यात मदत करते, वाचा गेलेली पुष्कळ माणसं गाऊ शकतात. सगळं खरं होतं. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तिला ऐकू येतंय."

देवाला हात न जोडणारा माणूस मला हे सांगत होता. मावशींना सगळं समजत होतं, आणि त्यांच्यापुरती ती वाचा देवीनंच दिलेली होती. मी गप्प बसले. पुढं कामाला उपयोग झाला तो त्याच वाटेचा. सुरात बोलायला शिकवायची पद्धत 1973 पासून वाचा-उपचारात आहे. छोटं वाक्य सुरावर म्हणायचं आणि डाव्या हातानं ताल धरायचा. लातुरातल्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी ती सांगितली, पण सूर कुठला घ्यायचा ते त्यांना सुचेना. आत्यांनी जात्यावरच्या ओवीचा घेतला. "पा-णी द्या-वो" असं खाटेच्या पाटीवर डाव्या हातानं ठोकत. पहिलं "पाणी" यायला सात आठवडे लागले. ते सुरातच आलं. नंतर सूर गळाला आणि शब्द राहिला, पण सगळ्या शब्दांचं तसं झालं नाही.

उजवा हात

मावशी डाव्या हातानं जेवायला तयार नव्हत्या. डावा हात कशाचा, ते त्यांच्या पिढीला सांगावं लागत नाही. डाव्यानं कुंकू नाही, डाव्यानं नैवेद्य नाही. काका भरवायचे तर त्यांना लाज वाटायची, मग अर्धी भाकरी खाऊन तोंड फिरवायच्या. दीड महिन्यात चांगल्याच वाळल्या.

मी याला अडाणीपणा म्हणत होते. मग लक्षात आलं की आमच्याच शास्त्रात चांगला हात मुद्दाम बांधून ठेवायची पद्धत आहे. माणूस चांगल्या हातानं सगळं उरकायला लागतो, अधू हात वापरायचंच विसरतो, म्हणून चांगल्याला मोज्यात कोंडून अधूला कामाला लावायचं. हाताला थोडी तरी हालचाल हवी, पूर्ण लुळ्या हाताला याचा उपयोग नाही. मावशींच्या मनगटात आणि दोन बोटांत तेव्हा जीव येत होता. जे इतरांना बांधून करवावं लागतं, ते ही बाई सोवळ्यापायी आपणहून करत होती.

सौदा केला. जेवण डाव्या हातानं चमच्यानं, कारण चमचा म्हणजे हात नव्हे. हा युक्तिवाद आत्यांचा, माझा नाही. आणि देवाचं सगळं उजव्या हातानं. कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवणं, तांदूळ वेचून ताम्हणात टाकणं, मण्यांची माळ ओढणं, शेवटी वाती वळणं. कापूस तीन बोटांत धरून वळायला लागते ती नजाकत मी बाजारातल्या कुठल्याही व्यायामाच्या चेंडूतून काढू शकले नसते. पहिल्या महिन्यात एक वात झाली. दोरखंडासारखी. काकांनी ती दिव्यात घातली. देव्हाऱ्याकडं तोंड करून बसायची त्यांची ती पहिली वेळ असावी. मी विचारलं नाही.

"वाचली हेच नशीब"

बघायला येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य टाकायचं. वाचली हेच नशीब बगा. अमक्याची तर जागच्या जागी गेली. देवीचे उपकार मानायचे, रडायचं न्हाई.

मावशी रडायच्या. काही रडणं झटक्यामुळंच असतं, भावनेवरचा लगाम सुटतो, नुसतं कुणी उंबऱ्यात दिसलं तरी हुंदका येतो आणि माणसाला तितकं दुःख झालेलं नसतं. हे मी लोकांना सांगितलं. तिसऱ्या महिन्यात मात्र रडणं थांबलं आणि त्या भिंतीकडं तोंड करून पडायला लागल्या. व्यायाम नाही, माळ नाही, आरतीला ओठ हलत नाहीत. पक्षाघातानंतर साधारण तीनात एका माणसाला नैराश्य येतं. ते औषधानं आटोक्यात येतं आणि न आणलं तर व्यायाम मागं पडतो. आत्यांना वाटलं, बाई देवीवर रुसली. काकांना वाटलं, आपल्यावर. मी डॉक्टरांना कळवलं, गोळी सुरू झाली, महिन्यानं फरक दिसला.

पण गोळीबरोबर काकांनी एक केलं. ओसरीवर बसून येणाऱ्याला आधीच सांगायचे, "नशीब म्हणू नका. ती आत पडलीय, तिला विचारा नशीब काय ते." माणसं बिचकली, मग शिकली. बायका येऊन वाती वळत बसायच्या, मावशींचा हात मध्ये घेऊन. उपकार मान असं कुणी म्हणेनासं झालं, आणि काही दिवसांनी संध्याकाळी धृपद पुन्हा ऐकू यायला लागलं.

नवस

मार्चपर्यंत मावशी काठीनं अंगणात चालत होत्या. पाऊल लोंबायचं, त्याला प्लास्टिकची पट्टी असलेला बूट. वीसेक शब्द. उजव्या हातानं वाटी धरता यायची, भाकर थापता यायची नाही.

प्रश्न इथं उठला. आत्या म्हणाल्या, इतक्यात फेडायचा नाही. नवस फेडला की देणं संपलं, मग देवी उरलेली बरी कामून करील? मुलगा चाकणहून म्हणायचा, आईला राजस्थानात बुटाटीला नेऊ, तिथं लकव्याची माणसं सात दिवस राहून परिक्रमा घालतात. काका म्हणाले, "अर्धं रान खुरपलं तर माणूस अर्धी मजुरी देतंय. पुरी कशाला?" हे चेष्टेत म्हणाले असं मला आधी वाटलं. चेष्टा नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा ते देवीशी हिशोबाला बसले होते.

मग तिघं माझ्याकडं वळले. पूर्ण कधी बरी होईल?

मी पाच महिने हा प्रश्न टाळत आले होते. "व्यायाम करत राहा" हे आमचं ठरलेलं उत्तर. त्या दिवशी सांगितलं. सुधारणा सगळ्यात जोरात पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांपर्यंत बरी होते, पुढं हळूहळू चालू राहते. चालणं अजून सुधारेल. शब्द वाढतील. हात पहिल्यासारखा होईल असं मला वाटत नाही. पूर्णची वाट बघितली तर नवस कधीच फिटणार नाही.

कुणी बोललं नाही. तेवढ्यात खाटेवरून, "अवो."

मला आजही शरम वाटते की ज्या बाईच्या पायांवर हा नवस बोललेला होता, तिला पाच महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मी चित्रांचे पुठ्ठे काढले, स्पीच थेरपिस्ट मॅडमनी दिलेले. हो, नाही, आता, नंतर. तुळजापूरला जायचं? हो. पूर्ण बरं झाल्यावर? मावशींनी उजवा हात डाव्या हातानं उचलून आमच्या सगळ्यांसमोर धरला आणि "न्हाई" म्हणाल्या. मग "आता"च्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. हे लिहू का म्हणून विचारलं, तेही याच पुठ्ठ्यांवर.

पायऱ्या

तुळजापूरचं देऊळ खाली आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरत जायचं, गोमुख आणि कल्लोळ तीर्थ ओलांडून आत. पक्षाघाताच्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं अवघड, आणि इथं देवी भेटायच्या आधीच उतरावं लागतं. नियम साधा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. शाळेच्या तीन पायऱ्यांवर महिनाभर सराव केला. मावशी मोजायच्या, एक, दोन, तीन. मोजणंही आरतीसारखंच पाठ असतं, ते येत होतं.

अडचण निघाली ती बुटाची. देवळात अनवाणी जायचं, म्हणजे पट्टी निघणार आणि पाऊल लोंबणार, बोटं पायरीला अडकणार. शिवाय पाय बधिर. उन्हात तापलेल्या फरशीवर भाजलं तरी कळणार नाही. दोन उपाय केले. पावलाला आणि घोट्याला क्रेप बँडेज असं गुंडाळलं की बोटं वर उचलून राहतील. आणि भल्या पहाटे जायचं, मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळून. मे महिन्यातला एक बुधवार धरला. मीही गेले. फी घेतली नाही आणि हे वहीत लिहू नका म्हणाले.

उतरायला बराच वेळ लागला. काका अधू बाजूला, एक पायरी खाली, हात कमरपट्ट्यात. बगलेत हात घालून उचलायचं नाही, खांदा निखळतो, हे त्यांना आता माझ्याइतकंच माहीत होतं. मागून येणारी माणसं थांबली, मग बाजूनं गेली. आत्यांनी ओटी भरली. मावशींनी कुंकू उजव्या हातानं वाहिलं, निम्मं पायावर सांडलं. काका बाहेरच्या बाजूला उभे राहिले. हात जोडले का, ते मला गर्दीत दिसलं नाही. परत वर चढून आल्यावर आधी मावशींचा तळपाय बघितला. फोड नव्हता.

पाच घरं

खरी कसोटी गावात होती. जोगवा राहिला होता. मावशींच्या एका हातात काठी, दुसऱ्यात परडी धरवेना. परडी कुणी धरायची? आत्या धरणार होत्या, मावशींनी मान हलवली आणि "अवो" म्हणाल्या.

काका अडले. देवाचा राग नव्हता आता त्यात. कुठली पाच घरं, हा प्रश्न होता. गल्लीत जी घरं, त्याच घरांनी रास केलेली, दळण आणलेलं, धार काढलेली. "ज्यांचं देणं अजून वहीत हाय, त्यांच्याच दारात परत हात पसरायचा? पेरणी होऊ द्या. सावड फेडतो, मग मागतो." मला ते पटलं, खरं सांगायचं तर. मावशींना पटलं नाही. त्या काठी टेकत उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

शेवटी ते गेले. पहिल्या घरापाशी परडी धरून नुसते उभे. तोंडातून शब्द निघेना. मागून मावशींनी "उदो उदो" म्हटलं, सुरात, स्वच्छ. आतून म्हातारी पीठ घेऊन आली आणि म्हणाली, "इतक्या लवकर आलास व्हय रे, चूल बी पेटली न्हाई अजून." पीठ परडीत पडलं. दुसऱ्या घरी काकांनी स्वतःच "उदो" म्हटलं, पुटपुटून. पाचव्या घरी त्यांचा आवाज मला गल्लीच्या टोकाला ऐकू आला.

जून लागल्यावर चांगला पाऊस झाला. मुलगी महिनाभर येऊन राहिली आणि काका एकेका रानात पेरणीला गेले. वहीचं उजवं पान भरत गेलं. रास, सात माणसं, दीड दिवस, यातली सहा माणसं फिटली. सातवा सोलापूरला कामाला गेलाय, त्याचं बाकी आहे. तुळजापूरचं मी शोधलं तर ते "आलं"मध्येही नव्हतं आणि "गेलं"मध्येही. मागं एक कोरं पान घेऊन, वर काहीच मथळा न देता, तारीख आणि खाली "पायऱ्या उतरली, चढली. जोगवा पाच घरं" एवढंच लिहिलं होतं.

मावशींची मिश्री सुटली. हात तेवढाच आहे, वात मात्र बारीक होते.

पुढच्या नवरात्रात मावशी पुन्हा उपवास धरणार म्हणाल्या. डॉक्टरांनी नऊऐवजी उठता-बसता करा म्हणून सांगितलं, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस. त्यांनी नऊच धरले. सातव्या माळेला सकाळी सहा वाजता काकांचा फोन आला आणि माझ्या पोटात गोळा आला.

"मॅडम, भगर खाल्ली. गोळी दिली."

"बरं," मी म्हणाले.

"लिहिलं पण," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.